सिलॅबसेस म्हटलं तर काय चुकलं?

इंग्रजी शब्दाच्या शेवटी ‘अस’ आला की अनेकवचनात तो काढायचा आणि ‘आय’ लावायचा, हा नियम आमच्या बेळगाव भागात शाळेत असल्यापासून इतका घट्ट बसवलेला असतो की पुढं माणूस इंजिनिअर होवो नाहीतर प्राध्यापक, तो काही सुटत नाही. रेडियस-रेडियाय, फंगस-फंगाय, मग त्याच ओघात सिलॅबस-सिलॅबाय, ऑक्टोपस-ऑक्टोपाय, आणि कोरोनाच्या वेळी तर मी ‘व्हायराय’ सुद्धा ऐकलंय. ज्याला हे ‘आय’ जमतं त्याचं इंग्रजी चांगलं आणि जो ‘सिलॅबसेस’ म्हणतो तो मराठी मीडियमचा, असा सरळ हिशोब लावला जातो. मला त्याचाच राग आहे, म्हणून हे लिहायला बसलेय.

माझं शहापुरात डीटीपी सेंटर आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, निवडणुका आल्या की पत्रकं, आणि व्हीटीयू म्हणजे इंजिनिअरिंगची युनिव्हर्सिटी इथंच असल्यामुळं वर्षाच्या शेवटी इंजिनिअरिंगच्या पोरांचे प्रोजेक्ट रिपोर्ट. मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही भाषांत टायपिंग चालतं, एकाच दिवशी तिन्ही, कधीकधी एकाच पानावर तिन्ही. त्यामुळं एका भाषेतला शब्द दुसरीत गेला की त्याचं काय होतं हे मला पुस्तकात वाचावं लागत नाही, समोर स्क्रीनवर दिसत असतं.

आता सांगते वाद कुठून पेटला ते. पुतणीच्या पेपरात अनेकवचनं लिहा असा प्रश्न होता, तिनं ‘सिलॅबसेस’ लिहिलं आणि त्यावर लाल फुली आली, बाजूला बाईंनी ‘सिलॅबाय’ लिहून दिलं. शाळेचं नाव घेत नाही, कारण दुसऱ्या शाळेतही हेच झालं असतं. कुठलीही बरी डिक्शनरी उघडा, मेरियम-वेबस्टर घ्या नाहीतर ऑक्सफर्डची घ्या, दोन्ही रूपं दिलेली आहेत, दोन्ही बरोबर. म्हणजे मार्क कापायचं कारणच नव्हतं. पण माझं म्हणणं त्याच्याही पुढं जातं. त्या दोन रूपांत जे जास्त विद्वत्तेचं म्हणून मिरवलं जातं ना, सिलॅबाय, त्याचाच पाया जास्त कच्चा आहे.

कारण सिलॅबस हा शब्द मुळात छपाईच्या चुकीतून आलाय. रोमन वक्ता सिसेरो, त्यानं आपला मित्र अॅटिकस याला लिहिलेली पत्रं आहेत, त्यात एके ठिकाणी ‘सिट्टिबास’ असा शब्द होता, म्हणजे गुंडाळीच्या पुस्तकांना बाहेरून लावायची कातड्याची नावाची चिठ्ठी. पंधराव्या शतकात, १४७० च्या दशकात ही पत्रं छापली गेली तेव्हा तो शब्द ‘सिलॅबोस’ असा वाचला गेला आणि तसाच छापला गेला. पुढच्या विद्वानांना वाटलं हा ग्रीकवरून आलेला कुठलातरी शब्द असणार, यादी वगैरे अर्थाचा, आणि सतराव्या शतकात तो इंग्रजीत येऊन बसला. मी स्वतः दिवसभर प्रुफं बघणारी आहे, त्यामुळं हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी थक्कच झाले. एका प्रुफात चुकलेलं अक्षर पाचशे वर्षं टिकलं आणि आज जगभरातल्या युनिव्हर्सिट्या ते वापरतायत! शब्द आता पक्का झालाय, तो बदला असं कोण म्हणत नाही. पण अस्सल लॅटिनमध्ये जो शब्दच नव्हता त्याचं अस्सल लॅटिन अनेकवचन आलं नाही म्हणून पोरीचा मार्क कापायचा, हे कसं काय?

आमच्याकडं एक निवृत्त सर येतात, इंग्रजीचे, चाळीस वर्षांपूर्वीच्या व्याकरणावर त्यांचं अजून प्रेम आहे आणि माणूस म्हणून फार मोठे. संध्याकाळी पेपर चाळायला म्हणून सेंटरवर बसतात. त्यांना मी ही सिलॅबसची गोष्ट सांगितली तर म्हणाले, “अगं, एक शब्द सोड, पण नियम तर नियम आहे की.” आणि तिथून आमचं सुरू झालं ते अजून संपलेलं नाही.

मुळात तो नियमच अर्धा आहे. लॅटिनमध्ये ‘अस’ नं संपणारे शब्द एका जातीचे नाहीत, पाच-सहा जातींचे आहेत. रेडियस, फंगस, न्यूक्लियस, अलुम्नस ही एक जात, त्यांचं अनेकवचन खरंच ‘आय’ वालं. पण स्टेटस, सेन्सस, अॅपरेटस, प्रॉस्पेक्टस हे दुसऱ्या जातीचे, त्यांचं लॅटिन अनेकवचन सुद्धा ‘स्टेटस’च, फक्त शेवटचा उ लांबवायचा, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाचा फरक. ‘स्टेटाय’ असं रूप कुठल्याच लॅटिनमध्ये नाही. तिसरी जात अजून वेगळी: जीनस-जेनेरा, कॉर्पस-कॉर्पोरा, ओपस-ओपेरा. इथं मधेच एक र येतो. तो र कुठून आला म्हणून पोरं विचारतात, तर तो आधीपासून आतच असतो, एकवचनात दडलेला, आणि बाकीच्या शब्दांत तो आपल्याला रोज दिसतो. जीनस मधला र ‘जनरल’ आणि ‘जेनेरिक’ मध्ये आहे, जेनेरिक औषधं म्हणतो तोच. ओपस मधला ‘ऑपरेशन’ मध्ये. आणि कॉर्पस मधला र तर आपण बेळगावकर दिवसातनं कितीदा म्हणतो, पाणी नाही आलं, गटार तुंबली, ‘कार्पोरेशन’ला फोन लाव. तोच र.

ही युक्ती मी पुतणीला शिकवली, नियम पाठ करण्यापेक्षा त्याच घराण्यातला दुसरा शब्द आठव, आतलं अक्षर सापडतं. आणि ही आपल्याला काही परकी गोष्ट नाही. विद्यार्थी हा संस्कृत शब्द बघा, त्यात एक न दडलेला आहे, संस्कृत अनेकवचन ‘विद्यार्थिनः’, आणि मराठीत तो न आपल्याला ‘विद्यार्थिनी’ मध्ये सापडतो. जीनसचा र आणि विद्यार्थ्याचा न, काम एकच.

पण मग आपण ‘दहा विद्यार्थिनः आले’ म्हणतो का? नाही म्हणत. दहा विद्यार्थी आले म्हणतो. बाजूच्या बोर्डावर कन्नडमध्ये ‘विद्यार्थिगळु’ लिहिलेलं असतं. पुस्तक शब्द घ्या, संस्कृतात पुस्तकानि, आम्ही म्हणतो पुस्तकं, कन्नडवाले म्हणतात पुस्तकगळु. राजा घ्या, संस्कृतात राजानः, मराठीत राजे, कन्नडमध्ये राजरु. एकच शब्द, तीन भाषा, तीन अनेकवचनं, आणि आमच्या गल्लीत तिन्ही भाषांची माणसं राहतात पण आजपर्यंत कुणी कुणाला म्हटलेलं नाही की तुझं ‘राजे’ चुकलं, मूळ संस्कृत बघ. शब्द ज्या भाषेत आला त्या भाषेचं व्याकरण त्याला लागतं, हे इथल्या भाजीवालीला पण कळतं, ती दोन गिऱ्हाइकांशी दोन भाषांत बोलताना तोच शब्द दोन तऱ्हेनं चालवते, विचार न करता. मग इंग्रजीनंच काय पाप केलंय? इंग्रजीत शब्द आला, इंग्रजीचा ‘एस’ लागला, सिलॅबसेस झालं. संपलं.

सर यावर गप्प बसतील असं वाटलं होतं, नाही बसले. त्यांनी ‘विद्वांसरु’ काढला! विद्वान शब्दाचं कन्नड अनेकवचन विद्वांसरु. संस्कृतात विद्वांसः, त्यातला तो आतला ‘स’ कन्नडनं ठेवला आणि वर स्वतःचा ‘रु’ लावला. “म्हणजे मूळ रूप सांभाळायची रीत आपल्याच भागात आहे की नाही?” आहे, मी मान्य केलं, आणि मला तो मुद्दा फार आवडला. पण सर, बघा, तिथं सुद्धा शेवटी रु आहेच, नुसतं विद्वांसः म्हणून कन्नड थांबली नाही. आणि मराठीत आपण विद्वान आले, विद्वान मंडळी आली एवढ्यावर भागवतो, तेही चूक नाही. दोन शेजारणी भाषा, एकीनं मुळाकडं एक पाऊल जास्त टाकलं, दुसरीनं नाही.

व्हायरसचं मात्र सांगितलंच पाहिजे, कारण तिथं ‘आय’ लावला तर अर्थाचा पार अनर्थ होतो. लॅटिनमध्ये व्हायरस म्हणजे विष, चिकट घाण रस, आणि तो पाण्यासारखा, न मोजायचा शब्द. जुन्या लॅटिनमध्ये त्याचं अनेकवचन वापरलेलंच सापडत नाही. आणि ‘विरी’ किंवा इंग्रजी उच्चारानं ‘व्हायराय’ असं रूप लॅटिनमध्ये आहे, पण ते ‘विर’ या शब्दाचं, म्हणजे पुरुष, आपला वीर आणि तो विर एकाच मुळाचे. तर व्हायराय म्हणजे पुरुष लोक. कॉम्प्युटरवाल्या पोरांमध्ये ‘व्हायरिआय’ असं दोन आय घालून लिहायची टूम होती, त्याला तर कुठलाच आधार नाही. व्हायरसेस, एवढंच.

ऑक्टोपसवर आमचा सगळ्यात मोठा वाद झाला आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त मजाही त्यातच आली. बेळगावात ऑक्टोपस बघितलेला माणूस शोधावा लागेल, पण शब्दावर भांडायला आम्ही तयार. शब्द ग्रीक आहे. ऑक्टो म्हणजे अष्ट, पूस म्हणजे पाय, आपला पाद आणि तो एकाच मुळाचा, म्हणजे सरळ अष्टपाद. त्या पायात एक ‘ड’ दडलेला आहे, तो ‘ट्रायपॉड’ मध्ये दिसतो, फोटोग्राफरची तीन पायांची घोडी. म्हणून ग्रीक अनेकवचन ‘ऑक्टोपोडीझ’. ऑक्टोपाय नाही. हे मी सरांना अगदी टेबलावर हात आपटून सांगितलं.

सर दोन दिवस आले नाहीत, आणि आले ते वहीत लिहून घेऊन आले. जुन्या रोमन लोकांकडं या प्राण्याला ‘पॉलिपस’ म्हणत, तोही ग्रीकवरनंच घेतलेला, पॉली म्हणजे पुष्कळ, पुष्कळ पायांचा, आतमध्ये तोच पूस. आणि रोमन लोकांनी त्याचं अनेकवचन काय केलं? ‘पॉलिपी’. म्हणजे इंग्रजी उच्चारानं पॉलिपाय! प्लिनी सारखा लेखक तसं चालवतो. “मग पॉलिपाय चालतं तर ऑक्टोपाय का चालू नये, सांग बघू.”

मी पुष्कळ विचार केला यावर. मुद्दा खरा आहे. ऑक्टोपाय म्हणणाऱ्याला अडाणी म्हणायचं काहीच कारण नाही हे मला त्या दिवशी पटलं, मेरियम-वेबस्टरमध्ये ते रूप दिलेलंही आहे. पण सर, रोमन लोकांनी तिथं केलं काय ते तरी बघा की. ग्रीक शब्द घेतला, आतला ग्रीक ड टाकून दिला, आणि आपल्या लॅटिनची रोजची मोड लावली. म्हणजे त्यांनी सुद्धा तेच केलं जे माझी पुतणी करते! परका शब्द, घरचं व्याकरण. रोमनांचा खरा कित्ता गिरवायचा तर इंग्रजी माणसानं इंग्रजीचा प्रत्यय लावावा, ऑक्टोपसेस. सर हसले आणि म्हणाले, “होय की ओ, असं पण आहे.” पण ऑक्टोपाय सोडणार नाही म्हणाले. नका सोडू.

आता ‘अलुम्नाय’ बद्दल. इथं मी उलट बाजूनं बोलणार आहे, कारण माझं म्हणणं लॅटिन रूपं वापरूच नका असं नाही, वापरायची तर ती नीट माहीत करून घ्या असं आहे. आमच्याकडं गेट-टुगेदरची लाट आलेली आहे, दर सुट्टीत कुठली ना कुठली बॅच, आणि त्याचे फ्लेक्स आणि टी-शर्ट माझ्याकडं येतात. एक २००९ ची बॅच होती, पोरगं डिझाइन घेऊन आलं, छातीवर मोठ्या अक्षरात ‘प्राउड अलुम्नाय’. मी म्हटलं, फ्लेक्सवर अलुम्नाय बरोबर आहे, तिथं तुम्ही सगळे आहात, पण शर्ट एकेक जण घालणार ना, एकजण असेल तर ‘अलुम्नस’, आणि मुलगी असेल तर ‘अलुम्ना’. तो म्हणाला, “काय सांगूलास अक्का, सगळीकडं अलुम्नायच लिवल्यात की.” मग मी स्क्रीनवरच शेवटचं अक्षर काढून दाखवलं, अलुम्नस केलं, मग अलुम्ना केलं, त्यानं फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि तिथं त्यांच्या बॅचच्या मुलींनी लगेच सांगितलं की आम्हाला आमचा वेगळा शर्ट पाहिजे. स्क्रीन प्रिंटिंगच्या दोन फ्रेम कराव्या लागल्या, खर्च थोडा वाढला, पण केलं त्यांनी. मला बरं वाटलं. मूळ शब्दाचा अर्थ पण छान आहे, अलुम्नस म्हणजे ज्याला पोसलं, वाढवलं तो. कॉलेजला ‘अल्मा माटेर’ म्हणतात, पोसणारी आई, ते त्याच मुळातलं. मुलगा-मुलगी असा फरक शब्दातच आहे आणि तो आपल्या मराठीला नवीन नाही, तर तो पुसून टाकून सगळ्यांना अनेकवचनात कशाला ढकलायचं.

मग ‘आ’ नं संपणारे शब्द. हे तर मराठी माणसाला समजून घ्यायला सगळ्यात सोपे आहेत पण कुणी सांगत नाही. इंग्रजीत ‘आ’ वाले शब्द तीन वाटांनी आलेत. एक वाट फॉर्म्युला, अँटेना, लार्वा यांची, लॅटिन एकवचनं, अनेकवचन फॉर्म्युली, अँटेनी, लिहिताना शेवटी ‘ए-ई’. दुसरी वाट डेटा, मीडिया, बॅक्टेरिया, अजेंडा यांची, ही मुळातच अनेकवचनं, एकवचन डेटम, मीडियम, बॅक्टेरियम, अजेंडम. तिसरी ग्रीक वाट, ड्रामा, स्टिग्मा, डॉग्मा, यांचं अनेकवचन ड्रामाटा, स्टिग्माटा, आणि तो ट ‘ड्रामॅटिक’ मध्ये दिसतो. आता हे तिन्ही वाटांचे शब्द मराठीत आले आणि मराठीनं काय केलं? आकारान्त पुल्लिंगी धरले आणि घोडा-घोडे सारखे चालवले. फॉर्म्युला-फॉर्म्युले. ड्रामा-ड्रामे. कॅमेरा-कॅमेरे. चन्नम्मा सर्कलला कॅमेरे बसवलेत असंच म्हणतो, ‘कॅमेराज’ कोण म्हणत नाही. कॅमेरा लॅटिनमध्ये खोलीला म्हणत, कोर्टात ‘इन-कॅमेरा’ सुनावणी म्हणतात ती बंद खोलीतली म्हणून, तिथं फोटोचा काही संबंध नाही. तर खोलीचा शब्द आपल्याकडं यंत्र होऊन आला आणि मराठीत अगदी मिसळून गेला, इतका की ‘कॅमेऱ्यात’, ‘फॉर्म्युल्यानं’ अशी त्याची सामान्यरूपं पण होतात. डेटा अजून तेवढा मुरला नाही, आपण ‘डेट्यात’ म्हणत नाही, ‘डेटामध्ये’ म्हणतो. तो मुरेल.

डेटावर इंग्रजीवाले अजून भांडतात, डेटा ‘इज’ की डेटा ‘आर’. रिसर्च पेपर लिहिणारे एक मॅडम माझ्याकडं प्रत्येक ठिकाणी ‘आर’ करून घेतात, त्यांच्या विषयात तशी पद्धत आहे, ठीक. पण बाकी जगाचा डेटा एकवचनी आहे, डेटा संपला म्हणतो, डेटा संपले नाही म्हणत. अनेकवचनाचं एकवचन होणं ही भाषेची बिघाडी आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आपल्या मराठीतले फारसी-अरबी शब्द बघावेत. अहवाल. अरबीत हे ‘हाल’ चं अनेकवचन आहे. आपल्याकडं समितीनं अहवाल सादर केला, एकवचन. आणि गंमत म्हणजे हाल, जे अरबीत एकवचन, ते मराठीत अनेकवचन होऊन बसलं, त्याचे फार हाल झाले! अगदी उलटापालट, आणि कुणाचं काही अडलं नाही. उमराव हे अमीरचं अनेकवचन, आपण ‘एक उमराव होता’ म्हणतो. असबाब हे सबबचं. अफवा म्हणजे अरबीत तोंडं, पुष्कळ तोंडं, मराठीत एक अफवा पसरली. या भागात आदिलशाही होती, कागदोपत्री फारसी होती, तेव्हा कुठलातरी मौलवी म्हणत असेलच की हे लोक अनेकवचनाला एकवचन करतात. आणि तोच अहवाल सीमेच्या या बाजूला कन्नडमध्ये ‘अहवालु’ झालाय, अर्थ गाऱ्हाणं, अर्ज. डीसी म्हणजे कलेक्टर, त्यांच्या ऑफिसमध्ये लोकांचे अहवालु घेतात, पुष्कळ असले तर ‘अहवालुगळु’, म्हणजे अरबी अनेकवचनावर कन्नड अनेकवचन चढवलेलं. मी हे दोन्ही अहवाल एकाच दिवशी टाईप केलेत, मराठी संस्थेचा वार्षिक अहवाल आणि एका आजोबांचा पेन्शनचा अहवालु, आणि दोन्ही आपापल्या जागी शंभर टक्के बरोबर होते.

इंग्रजीनं पण हेच केलंय, डेटाच्या आधीपासून. ‘ओपेरा’ हे ओपसचं अनेकवचन, आता एक संगीत नाटक, आणि त्याचं परत ‘ओपेराज’. ‘स्टॅमिना’ हे ‘स्टेमन’ म्हणजे धाग्याचं अनेकवचन, आता पोराला स्टॅमिना आहे म्हणतो. अजेंडा तर इतका एकवचनी झालाय की ‘अजेंडम’ म्हटलं तर मीटिंगमध्ये कुणाला कळणार नाही.

मीडियम शब्दाची आमच्या भागात वेगळीच तऱ्हा आहे. इथं शाळेचं मीडियम हा जिव्हाळ्याचा प्रश्न, मराठी मीडियम, कन्नड मीडियम, इंग्लिश मीडियम, घराघरात त्यावर चर्चा झालेली असते, पोरगं कुठं घालायचं. आणि तोच शब्द अनेकवचनात मीडिया. पण ‘आमच्या शाळेत दोन मीडिया आहेत’ असं कुणी म्हणणार नाही, म्हटलं तर लोक टीव्हीवाले शोधतील. एकाच शब्दाची एकवचन आणि अनेकवचन अशी दोन पोरं वेगळी झाली, दोघांचे संसार वेगळे. इंग्रजीत पण असंच आहे, भूत-पिशाच्चांशी बोलणाऱ्या मीडियमचं अनेकवचन मीडियम्सच. इंडेक्सचं बघा, गणितात घातांक असतील तर ‘इंडायसेस’, पुस्तकाच्या मागच्या सूच्या असतील तर ‘इंडेक्सेस’. दोन्ही ठेवा, कामाला येतात.

बसचं लिहायचं राहिलं होतं. हा शब्द ‘ऑम्निबस’ चा शेपटीचा तुकडा. ऑम्निबस म्हणजे लॅटिनमध्ये ‘सगळ्यांसाठी’, हे कर्ता म्हणून वापरायचं रूपच नाही, ते आधीच अनेकवचन आहे आणि वर चतुर्थी. फ्रान्समध्ये १८२० च्या दशकात सगळ्यांना घेणारी घोडागाडी निघाली तिचं हे नाव, १८२९ मध्ये लंडनला आली. तर सीबीटीवर, म्हणजे आमच्या बसस्टँडवर, आपण ज्याची वाट बघतो ती ‘बस’ म्हणजे निव्वळ ‘-साठी’ हा प्रत्यय! त्याला ‘बाय’ करायला गेलात तर लॅटिनवाल्याला फेफरं येईल. पेपरवाले ‘बसेस’ लिहितात, कन्नड बोर्डावर ‘बस्सुगळु’, आणि बोलताना आपण सरळ ‘गाड्या’ म्हणून मोकळे होतो, खानापूरच्या गाड्या किती वाजता आहेत.

आता सर मला म्हणतात, तू सगळंच सोडून दिलंस. नाही सोडलं. ‘क्रायटेरिया’ वर मी अजून अडून आहे. ‘वन क्रायटेरिया’ असं रिपोर्टमध्ये आलं की मी पोराला हाक मारते आणि ‘क्रायटेरियन’ करायला लावते, ‘फिनॉमिना’ एकच असेल तर ‘फिनॉमिनन’. मग डेटा सोडला आणि हे का धरलं? कारण डेटा आपण मोजत नाही, तो ढिगानं असतो. निकष मोजतो. पहिला निकष, दुसरा निकष, अॅडमिशनला तीन निकष. मोजायची गोष्ट असली की एक आणि अनेक यातला फरक कामाचा असतो, आणि इंग्रजीत क्रायटेरियन हा शब्द अजून जिवंत आहे, लोक वापरतात, मरू दिलेला नाही. बॅक्टेरियाचं तसंच, जीवशास्त्राच्या पोरीला एका जातीबद्दल लिहायचं तर बॅक्टेरियम लागतोच. मराठीत बोलताना मात्र ‘क्रायटेरिया काय आहे?’ असं मी स्वतः विचारते, मराठीत तो एकवचनीच आलाय, तिथं क्रायटेरियन आणायचा आग्रह मी धरणार नाही.

पुतणीच्या पेपराचं असं झालं की मी डिक्शनरीच्या पानाचा फोटो छापून तिच्याबरोबर पाठवला, बाईंनी बघितला, आणि पुढच्या वर्गात दोन्ही रूपं फळ्यावर लिहिली असं पोरगी सांगत आली. मार्क वाढवला नाही. बाईंनी तेवढं केलं हेच मला पुष्कळ वाटलं. सर आता ‘रेफरेंडम’ म्हणजे सार्वमत हा शब्द घेऊन आलेत, रेफरेंडा की रेफरेंडम्स. मी रेफरेंडम्सच्या बाजूची, कारण लॅटिनमधलं ते क्रियापदापासून झालेलं रूप ज्या अर्थानं घेतलंय त्या अर्थी त्याला तिथं अनेकवचनच होत नाही. सर म्हणतात मेमोरँडा होतं तर रेफरेंडा का नाही. मेमोरँडा म्हणजे लक्षात ठेवायच्या गोष्टी, त्या गोष्टी पुष्कळ असू शकतात, म्हणून होतं. रेफरेंडा म्हणाल तर त्याचा अर्थ ‘विचारायच्या गोष्टी’ असा होईल, म्हणजे एकाच मतदानात विचारलेले अनेक प्रश्न, अनेक मतदानं नव्हेत. हे मी त्यांना सांगितलंय, आणि ते वही घेऊन परत घरी गेलेत.